पुढची गाडी

मुजनाची गाडी वळणाच्या आधी जरा रेंगाळते. आमच्या सिनाव गावात हे सगळ्यांना ठाऊक आहे आणि त्यावरून तिची यथेच्छ चेष्टाही होते. पन्नाशी उलटल्यावर परवाना काढलेली बाई, तीही पिंपांच्या परीक्षेत तिसऱ्या खेपेला पास झालेली, रेंगाळेल नाही तर काय करेल, असं लोक म्हणतात. पिंपांची परीक्षा म्हणजे दोन्ही बाजूंना रिकामी पिंपं उभी करतात आणि मधल्या बोळातून गाडी उलटी न्यायला लावतात. पहिल्या दोन खेपांना मुजनाने इतकी पिंपं लोळवली, की परीक्षक वैतागून म्हणाला, "मावशी, या पिंपांनी तुमचं काय घोडं मारलंय?"

"मला कुठे उलटं जायचंय?" मुजना म्हणाली. "पुढे जायची परीक्षा घे, मग बघ."

पण तिच्या रेंगाळण्याचं कारण पिंपं नव्हेत. कारण तिच्या शेजारच्या सीटवर बसलेलं असतं, आणि त्याचं नाव मतर.

मतर तिचा नवरा. तीस वर्षं त्याने बर्फाचा ट्रक चालवला. सिनावहून बर्फ भरून किनाऱ्याला न्यायचा आणि येताना मासळी आणायची. त्या किनाऱ्याची वाळू कुठे कडक, कुठे भुसभुशीत, कुठे वरून कोरडी आणि आतून चिखल, हे त्याला झोपेतही सांगता यायचं. मग डोळ्यांत काचबिंदू शिरला. समोरचं नीट दिसायचं, बाजूचं मात्र हळूहळू पुसत गेलं. दोन वर्षांपूर्वी डॉक्टरने सांगून टाकलं, आता गाडी चालवायची नाही. घरी आल्यावर मतरने पिकअपची चावी खिशातून काढली. त्यांचा मुलगा अझ्झान खास मस्कतहून आला होता आणि हात पुढे करूनच उभा होता. मतरने चावी मुजनाच्या हातात ठेवली.

बाबा रुसले, असं अझ्झानला वाटलं. मुजनाला मात्र नवऱ्याच्या पोटातलं लगेच कळलं. मुलगा चालवायला लागला की बाप प्रवासी होतो. बायको चालवायला लागली, तर स्टिअरिंग तिच्या हातात असेल, पण ड्रायव्हर आपणच राहू. मुजनाला हा लबाडपणा मनापासून आवडला.

तेव्हापासून मतर "आता डावीकडे" म्हणतो आणि मुजना डावीकडे वळते. गंमत अशी, की तिला रस्ता आधीच ठाऊक असतो. हिवाळ्याच्या सुट्टीत पातेली, पाण्याचे कॅन आणि पोरंबाळं सांभाळत सव्वीस वर्षं ती या किनाऱ्याला येते आहे. नवऱ्याचं लक्ष रस्त्यावर असायचं, हिचं लक्ष सगळीकडे असायचं. वळण आलं की ती पाय जरा सैल करते आणि त्याच्या तोंडून शब्द पडायची वाट बघते. तो पडला की वळते. लोकांना दिसतं ते एवढंच, की बाई रेंगाळली.

ज्या सहलीची ही गोष्ट, तिच्या तिसऱ्या सकाळी त्यांचा मुक्काम किनाऱ्यावरच्या फिलिमच्या बाजूला होता. मुजना नेहमीप्रमाणे सगळ्यांच्या आधी उठली. तव्यावर पातळ रोट्या टाकल्या, कॉफीत वेलची कुटून घातली. समुद्र दूरवर मागे सरकला होता आणि ओल्या चिखलात शेकडो पक्षी आपापल्या न्याहारीला लागले होते. थंडी होती, चूल होती, नवरा तंबूत घोरत होता. आणखी काय हवं असतं माणसाला, असं तिला खरंच वाटलं. तेवढ्यात अझ्झान येऊन चुलीशी बसला.

"आई, खरं सांग," तो हळूच म्हणाला. "काल त्या खाऱ्या चिखलाच्या कडेने आलो. बाबांना तो चिखल दिसला होता?"

"दिसला नसता तर आज आपण इथे असतो की चिखलात?"

"तू वळवलीस म्हणून. बाबांचं त्या बाजूला तोंडसुद्धा नव्हतं. मी मागून बघत होतो."

"मग पुढे बघून चालव ना. माझ्या नवऱ्याच्या मानेकडे काय बघतोस?"

अझ्झान हसला नाही. "मागच्या गाडीत माझी बायको आहे, पोर आहे. या सहलीला बाबा पुढे, ठीक आहे. पण एकदा जरी काही झालं ना, तर पुढच्या वर्षीपासून पुढची गाडी माझी. बाबा मागच्या सीटवर, लुजैनच्या शेजारी."

लुजैन म्हणजे त्याची सात वर्षांची मुलगी. आमच्याकडे गाड्या ओळीने वाळूत उतरल्या की घरचा कर्ता पुढच्या गाडीत असतो आणि बाकीचे त्याच्या चाकोरीवर चाक ठेवून येतात. मतरचा बाप उंटावर पुढे असायचा. मागच्या सीटवर नातीशेजारी बसणं म्हणजे काय, हे कोणी कोणाला समजावून सांगायला नको. मुजनाला मुलाचा राग आला, आणि तो खरं बोलत होता म्हणून जरा जास्तच आला. तिने त्याच्या ताटात रोटी टाकली आणि मनाशी ठरवलं, की आपण नवऱ्याला पुढच्या गाडीतूनच घरी न्यायचं. मग काहीही होवो.

वाटेतल्या हिज गावात पेट्रोल भरलं, बर्फ घेतला, लुजैनने हट्ट करून चिप्सची पाच पाकिटं घेतली. आजचा मुक्काम खलूफच्या पुढे, पांढऱ्या वाळूच्या टेकड्यांमध्ये करायचा होता. खलूफहून तिथे जायला दोन वाटा आहेत. एक वरून, टेकड्यांच्या पाठीमागून, लांबची आणि खडबडीत. दुसरी थेट पाण्याच्या काठाने. एका हाताला समुद्र, दुसऱ्या हाताला वाळूचा उंच चढ आणि मध्ये ओहोटीने मोकळी केलेली, रस्त्यासारखी कडक वाळू. तिच्यावरून गाडी अशी जाते, की ज्याने एकदा चालवली तो वरच्या वाटेचं नाव घेत नाही. फक्त भरतीच्या आत पलीकडे पोचायचं.

"भरती किती वाजता आहे, बघू का फोनवर?" अझ्झानने विचारलं.

"बघ की," मतर म्हणाला. "आणि मग फोनलाच बसव पुढे. मी जातो घरी."

अझ्झानने फोन खिशात घातला.

"आज चंद्राची तेरा तारीख," मतर सावकाश म्हणाला. "तेराला तिसऱ्या प्रहरी असरची बांग झाल्यावरही तासभर वाळू मोकळी असते. बर्फ वितळायच्या आत त्या वाळूवरून तीस वर्षं ट्रक नेलाय मी. कळलं?"

"तेरा नक्की ना, बाबा?"

"या डोळ्यांनी पाहिलाय चंद्र. आपल्या अंगणातून."

मुजना गाडीची काच पुसत होती. तिचा हात थांबला.

दर महिन्याच्या तेरा, चौदा, पंधरा या चंद्राच्या तारखांना मुजना रोजे ठेवते. प्रवासात ठेवत नाही, पण मोजायची सवय सुटत नाही. तिच्या मोजणीने तेरा उद्या होती. तिने स्वतः शेजारणीच्या गच्चीवर उभं राहून चंद्राची कोर पाहिली होती आणि दुसऱ्या दिवसापासून महिना धरला होता. मग हा कुठला चंद्र मतरने पाहिला? तिला आठवलं. तिने कोर पाहिली, त्याच्या आदल्या संध्याकाळी अजमानहून नणंदेचा फोन आला होता, आमच्याकडे चंद्र दिसला म्हणून. असं होतं कधी कधी. त्यांचा चंद्र त्यांना दिसतो, आमचा आम्हाला, आणि दोन देशांत एका दिवसाचं अंतर पडतं. फोन ठेवून मतर अंगणात गेला होता आणि बराच वेळ मान वर करून उभा राहिला होता. त्या संध्याकाळी सिनावमध्ये चंद्र कोणालाच दिसला नव्हता. मतरला तो दिसतो की नाही हेच कळेनासं झालं असणार, आणि बहिणीला दिसला म्हणजे असणारच, म्हणून त्याने तिथून महिना मोजला.

 आयुष्यभर दुसऱ्याच्या सांगण्यावरून महिना न मोजलेला माणूस. आणि चंद्राची एक तारीख चुकली, की भरती पाऊण तास चुकते. आज बारा असेल, तर असरच्या बांगेलाच पाणी चढाच्या पायथ्याशी येईल.

बोलावं, तर मुलासमोर. आणि बोलली, की झालंच, मागची सीट. तिने काच दुसऱ्यांदा पुसली आणि हिशेब केला. आत्ता निघालो, खलूफला थांबलो नाही, तर बारा असो की तेरा, आपण आरामात पलीकडे असू. बोलायचं नाही, घाई करायची.

"चला, चला, चला!" ती ओरडली. "बर्फ काय आपल्यासाठी थांबणार आहे का?"

"हिला काय झालं?" मतर म्हणाला.

पण खलूफमध्ये न थांबता पुढे जाईल असा मतरच्या ओळखीचा माणूस अजून जन्माला यायचा आहे. गावाच्या तोंडाशीच बखीत उभा होता. बखीत कोळी, मतरचा तीस वर्षांचा दोस्त. त्याच्या जाळ्यातली मासळी आणि मतरचा बर्फ, असा त्यांचा संसार. बखीतने गाडीच्या दारालाच हात घातला. आमच्याकडे माणसाला मुलाच्या नावाने हाक मारतात, बाप तो अबू आणि आई ती उम.

"अबू अझ्झान! दोन वर्षं तोंड दाखवलं नाहीस! मेलास की काय म्हणून मी दोनदा रडून घेतलं!"

"मग तिसऱ्यांदा आता कॉफी पाजून रड," मतर म्हणाला आणि उतरला. संपलं.

पुरुष बाहेरच्या मांडवात बसले. मुजना आणि सून रय्या बखीतच्या बायकोकडे, हमामाकडे, आत गेल्या. आधी फळं आली, मग हलवा, मग कॉफी. कॉफी पुरे झाली की कप हलवून परत द्यायचा, नाही तर ती ओतली जातच राहते. मुजनाने पहिल्याच कपाला कप हलवला.

"काय गं उम अझ्झान," हमामा म्हणाली, "माझी कॉफी कडू झाली की मी?"

"अगं, तसं नाही, जरा निघायचंय..."

"आत्ता आलीस आणि निघायचंय? रय्या, तुझी सासू घरीही अशीच असते का गं?"

"घरी याहून वाईट," रय्या म्हणाली, आणि सगळ्या खिदळल्या. मुजनाही हसली, पण तिचा एक डोळा दाराबाहेर होता. दूर पाण्याची रेघ दिसत होती. मग सुरमई आली, भात आला, त्यावर लिंबू पिळलं गेलं. बाहेर बातम्या चालल्या होत्या. कोणाचं लग्न झालं, कोणाची होडी फुटली, पाऊस कुठे पडला आणि कुठे पडला नाही. दोन वर्षांचं साचलेलं होतं. मतर हात हलवून काही सांगत होता आणि बखीत मांडीवर थाप मारून हसत होता. इतका खुशीत नवरा तिने दोन वर्षांत पाहिला नव्हता. त्याला उठवायला तिची जीभ रेटेना. सुरमई चांगली झाली होती, तिने दुसऱ्यांदा घेतली.

शेवटी तिने जे केलं ते खलूफमध्ये अजून सांगितलं जातं. ती उठली, बाहेर गेली, गाडीत बसली आणि इंजिन चालू केलं.

"मतर, तुझी बायको पळाली!" बखीत ओरडला.

मतरला ओशाळल्यासारखं झालं, पण उठावं लागलं. "बाईमाणूस, वाळूला घाबरते. अजून दीड तास वाळू आपली आहे."

बखीतने समुद्राकडे पाहिलं. मग अझ्झानकडे पाहिलं. मग म्हणाला, "यंदा वरची वाट चांगली झालीय. अलीकडे मीसुद्धा तिथूनच जातो."

"वरची वाट म्हाताऱ्यांना," मतर म्हणाला.

 पाहुण्याला त्याच्या मुलासमोर तू चुकतोयस म्हणायचं, हे आमच्यात बसत नाही. बखीत फक्त मुजनाच्या खिडकीपाशी आला आणि दोन बोटांनी दारावर टकटक केली. "मग आता थांबू नका कुठे," तो म्हणाला. त्यालाही ठाऊक होतं आणि तिलाही ठाऊक होतं. दोघंही मतरची अब्रू सांभाळत बसले, आणि समुद्र काही कोणाची अब्रू सांभाळत नाही.

गावाबाहेर, वाळूत रुतू नयेत म्हणून, चाकांतली हवा कमी केली आणि दोन्ही गाड्या वाळूवर आल्या. पुढे पिकअप, मागे अझ्झानची गाडी. पहिला अर्धा रस्ता इतका सुंदर गेला, की मुजनाला वाटलं आपण उगाच घाबरलो. वाळू कडक होती, ऊन कोवळं होत चाललं होतं, खेकडे चाकांपुढून तिरपे पळत होते. मतरने काच खाली केली आणि गुणगुणायला लागला.

मग तिच्या बाजूच्या चाकाखाली चप्प असा आवाज झाला. आमच्याकडे स्टिअरिंग डावीकडे असतं, आणि समुद्रही तिच्या डाव्या हाताला होता. फेसाची जीभ आली, चाक ओलं करून गेली. पुढची लाट आणखी वर आली. तिने गाडी चढाच्या बाजूला घेतली आणि वेग वाढवला.

"सावकाश," मतर म्हणाला. "अजून तास आहे."

त्याला समोरची वाळू दिसत होती, तेवढीच. डावीकडचा समुद्र त्याच्यासाठी नव्हताच. मागून अझ्झानने हॉर्न दिला. मग परत दिला, लांब.

"हा का बोंबलतोय?"

"लुजैनला लघवीला लागली असेल."

"मग थांबव की."

"थोडं पुढे जाऊन थांबवते." तिने पाय आणखी दाबला.

पुढे काळ्या खडकाचं एक नाक चढातून बाहेर आलेलं आहे. त्याला वळसा घातला, की वाळू रुंद होते आणि मग काळजी नाही. ते नाक दिसलं तेव्हा मुजनाच्या तोंडचं पाणी पळालं. लाट त्याच्या समुद्राकडच्या टोकाशी येऊन फुटत होती, मतरच्या नजरेबाहेर. मागे फिरायलाही वाळू उरली नव्हती. त्याच्या अलीकडे, उजव्या हाताला, चढ जरा मोडलेला होता. वाऱ्याने तिथे एक घळ पाडली होती. चढता येईल, आत्ता येईल, अर्ध्या मिनिटाने नाही. सवयीने तिचा पाय सैल झाला. ती शब्दाची वाट बघू लागली.

"सरळ," मतर म्हणाला. "नाकाला वळसा घाल."

दोन वर्षांत तिने त्याचं एकही वळण मोडलं नव्हतं. "घट्ट धरा," ती म्हणाली आणि स्टिअरिंग उजवीकडे फिरवलं.

"सरळ म्हणतोय ना! मुजना!"

तिने ऐकलं नाही. गियर खाली घेतला, पाय दाबला तो उचललाच नाही. गाडी वाळूत नाचायला लागली, मागची पातेली एकमेकांवर आपटली, समोर नुसतं आकाश दिसू लागलं, इंजिन रडायला लागलं आणि मग एकदम सगळं सपाट झालं. ती वर आली होती. उतरून ती कडेशी धावली. अझ्झानची गाडी अर्ध्या चढावर रुतून हळूहळू मागे घसरत होती. रय्या लुजैनला उचलून पायीच वर येत होती. गाडीची मागची चाकं लाटेत भिजत होती.

"मागे घे!" मुजना घसा फोडून ओरडली. "सगळी मागे घे, भिऊ नकोस! आता चाक सरळ! आणि पाय उचललास तर माझ्याशी गाठ आहे!"

दुसऱ्या खेपेला तो वर आला. त्याच्यामागे लाट घळीत शिरली आणि त्यांच्या चाकांच्या खुणा पुसून परत गेली. रय्या वाळूत बसून हसतही होती आणि रडतही होती. लुजैन म्हणाली, "परत एकदा जाऊ या?"

अझ्झान उतरला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. तो बापाकडे यायला लागला, तशी मुजना मध्ये उभी राहिली.

"माझी चूक," ती म्हणाली. "मी हमामाकडे खात बसले. दोनदा सुरमई घेतली. तुझ्या बाबांनी लवकर निघायला सांगितलं होतं."

"आई, तू गाडीत बसून इंजिन चालू केलं होतंस. सगळ्यांनी पाहिलंय."

 तेवढ्यात मागून मतर म्हणाला, "आज बारा आहे ना?"

मुजना ओढणी सारखी करू लागली.

"बारा आहे," तो आपणच म्हणाला. पाण्याचा आवाज पायाखालून येत होता, तो त्याला ऐकू येत होता. "अझ्झान, मी चंद्र पाहिला नाही. पाहिला म्हणालो, पण नाही पाहिला. गेले सहा महिने दिसत नाही मला. तुझ्या आत्याच्या फोनवरून महिना धरला."

 अझ्झान चाकांना लाथा मारून हवा बघत राहिला. मतर चाचपडत त्याच्या गाडीकडे गेला, मागचं दार उघडलं, सीटवरची चिप्सची पाकिटं बाजूला सारली.

"बाबा, हे काय करताय?"

"लुजैनच्या शेजारी बसतोय. ठरलंय ना तसं? तंबूला कापडाच्याच भिंती असतात रे, सकाळी जागा होतो मी."

अझ्झानने मान खाली घातली. मुजनाला मात्र एकदम भडकायला झालं. "ठरवणारे तुम्ही दोघं कोण? पिकअप मी चालवते. मला शेजारी माणूस लागतं."

"तुला कशाला लागतंय?" मतर म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. "माझ्या आधी तुला रस्ता दिसतो. वळण आलं की पाय सैल करतेस आणि माझी वाट बघतेस. मला काय ते कळत नाही? तीस वर्षं ट्रक चालवलाय, बाई. गाडी हळू झालेली पाठीला कळते."

मुजनाने त्याच्याकडे वळून पाहिलं. "कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून."

"मग बोलला का नाहीत?"

मतरने उघडलेल्या दारावर हात ठेवला. "तू थांबायचीस ना माझ्यासाठी," तो म्हणाला. "बरं वाटायचं मला."

दोन वर्षं आपण या माणसाला सांभाळतोय, असं तिला वाटत होतं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिने ते ओढणीने न पुसता तसंच राहू दिलं, कारण पाहणारे सगळे घरचेच होते. अझ्झानने पुढे होऊन बापाचा हात धरला आणि गाडीच्या मागच्या दारापासून दूर केला.

"पुढेच बसा, बाबा. ती सीट तुमचीच आहे. पण पुढची गाडी आता आईची."

"ते मी केव्हाच म्हटलं असतं," मतर म्हणाला, "पण तुम्ही लोक मला विचारता कुठे?"

टेकड्यांच्या पाठीमागून ते वरच्या वाटेला लागले. पांढऱ्या वाळूवर ऊन तिरपं पडलं होतं. मुजना मनाला येईल तिथून गाडी घेत होती. इतकं हलकं तिला गाडीत कधी वाटलं नव्हतं. थोड्या वेळाने मतर म्हणाला, "काय काय दिसतंय? बाजूचं सांग."

ती सांगायला लागली. डावीकडे दोन सांडण्या आहेत, एकीच्या पायाशी पिलू आहे. आता खाली समुद्र दिसतोय, तुमची सगळी वाळू पाण्याखाली आहे. उजवीकडे कोणीतरी गेल्या वर्षीची चूल सोडून गेलंय, दगड अजून काळे आहेत, सरपणही ठेवलंय बिचाऱ्याने. दूर एक गाडी उभी आहे, आपल्यासारखीच, तंबू लावतायत. तो हूं, हूं म्हणत होता. मग त्याचं हूं येईना. तिने मान वळवून पाहिलं. सव्वीस वर्षांत, कोणाच्याही हातात गाडी असो, चालत्या गाडीत या माणसाने एकदाही डोळा मिटला नव्हता. आता मान खिडकीला टेकवून, तोंड उघडं टाकून मतर गाढ झोपला होता. मुजनाने वेग कमी केला, आणि वाळूचा जो भाग कमीत कमी खडबडीत होता, तो शोधत त्यावरून गाडी नेऊ लागली.